कपाटातली अकोल्याची दुपार

आमच्या घरात हिवाळ्यात जी ऊब असायची ती अकोल्याच्या एका दुपारीची होती. ही दुपार चौदा मे एकोणीसशे ब्याऐंशी या दिवसाची असून आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती त्याच महिन्यात मधल्या खोलीच्या भिंतीतल्या कपाटात बसवून घेतली.

चिखलदऱ्यात हे काही विशेष नाही. आमचं गाव डोंगरावर आहे. डिसेंबरात नळाखाली हात धरला की बोटं आपली वाटत नाहीत. खाली सपाटीवर मे महिन्यात ऊन नको इतकं असतं. तिथले लोक त्यातलं थोडं विकतात आणि आम्ही घेतो. शेजारच्या बेलसऱ्यांकडे परतवाड्याची दुपार आहे. ती स्वस्तात मिळाली, पण तिच्यात धूळ फार आहे, असं आई म्हणते. बसस्टँडमागच्या लॉजवर चंद्रपूरच्या आहेत, दर मजल्याला एक.

वापरायला सोपं असतं. दिवाळी झाली की कपाटाचं लोखंडी दार दोन बोटं उघडायचं आणि होळीला लावून घ्यायचं. फटीतून ऊन येतं आणि घर तापतं. दार दोन बोटंच उघडं ठेवलं तर एका हिवाळ्यात दुपार साधारण पाच मिनिटं पुढे सरकते. सताड उघडलं तर मात्र ती खऱ्या घड्याळाप्रमाणे चालते आणि त्याच दिवशी संपून जाते. म्हणून दाराच्या वरच्या कडेला आबांनी खडूने लिहून ठेवलं आहे : दोन बोटं. दरवर्षी ते नव्याने गिरवतात.

आबांनी दुपार घेतली तेव्हा तिच्यात दीड वाजला होता. गेल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत एक्केचाळीस हिवाळे झाले. फटीतून येणारा पट्टा पूर्वी पांढरा असायचा आणि दाराजवळच पडायचा. तो आता पिवळा झाला होता आणि लांबत लांबत आईच्या शिलाई मशिनपर्यंत पोचत होता. दिसायला छान होता, पण त्यात हात धरला तर हात तापत नव्हता. आबा तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचे होते. वनखात्यात कारकून होते. त्यांची खुर्ची कायम फटीसमोर असते. त्या वर्षी ते खुर्ची रोज वीतभर पुढे घेत होते, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांचे गुडघे दाराला टेकले.

"आता कपाटातच बसा," बाबा म्हणाले.

"बसलो असतो. तू दार लावून घेशील म्हणून भीती वाटते," आबा म्हणाले.

मग बाबांनी अकोल्याला फोन करून दुरुस्तीवाल्या इंगळेंना रविवारी बोलावलं.

रविवार ठरला तेव्हा मला काळजी वाटू लागली, कारण दुपारीत एक मुलगी राहते हे फक्त मला माहीत होतं.

कपाट पुसण्याचं काम माझ्याकडे आहे. त्याआधीच्या हिवाळ्यात मी ओल्या फडक्याने फटीची कड पुसत असताना आतून आवाज आला होता.

"कोन हाये वं तठी?"

मी अनोळखी माणसांशी पटकन बोलत नाही. मी तेव्हा आठवीत होते, आणि वर्गात हजेरीच्या वेळी बाईंना माझं नाव दोनदा घ्यावं लागायचं.

"पाह्यलं मी तुले. बोट दिसून राहिलं तुयं."

मी बोट काढून घेतलं.

"भेली!" ती हसली. "मी काय कावळा हाये? कावळे तं मीच हाकलून राहिली."

मी फटीला डोळा लावला. आत एक गच्ची होती. कठड्याच्या सावलीत दहाएक वर्षांची मुलगी बसली होती. दोन वेण्या, डोक्यावर ओला पंचा, हातात काठी. तिच्यापुढे धोतरावर ओळीने कुरडया वाळत होत्या. तिचं नाव पुष्पा नामदेव खंडारे. सावली सरकेल तशी ती सरकत होती, आणि सरकत सरकत त्या हिवाळ्यात फटीसमोर आली होती. खाली घरात सगळे झोपले होते. तिच्या आईने, म्हणजे माईने, तिला सांगितलं होतं की कडुनिंबाची सावली शेवटच्या ओळीवर येईपर्यंत उठायचं नाही.

"कुरोड्या नीट राखल्या तं मामाच्या लग्नाले नेतो म्हने माई," पुष्पीने सांगितलं. "रातच्या गाडीनं. मूर्तिजापूरले. नाही राखल्या तं मले आत्याजवळ ठेवते."

"आत्या वाईट आहे का?" मी विचारलं.

"वाईट नाही. घोरते."

तेव्हापासून मी रोज शाळेतून आल्यावर, आबा आत पडलेले असताना, तिला फटीतून पाणी देऊ लागले. फट दोन बोटांची असल्यामुळे पेला जाईना. मग मी औषधाची उंच चपटी बाटली धुऊन घेतली. ती बरोबर जाते. पुष्पी पाणी प्यायची, थोडं पंच्यावर ओतायची आणि विचारायची, "पाच वाजले का?" मी सांगायचे, "वाजत आले." ते खरंच होतं.

एकदा ती म्हणाली, "तू बोलत काऊन नाहीस?"

"बोलते ना."

"कुठी? मघापासून मीच बोलून राहिली."

पण मी तिच्याशी बोलत होते. प्रार्थनेच्या वेळी मी फक्त ओठ हलवते, हेसुद्धा मी तिला सांगितलं होतं. त्यावर तिने विचार केला आणि म्हणाली, "कावळ्याले कसं, एकदम मोठ्यानं म्हनाव लागते, हाऽऽड! हळू म्हटलं तं तो आयकत नाही. तुयाकडं पाह्यते आनि कुरोडी नेते."

घरात मी हे कोणाला सांगितलं नाही, आणि एरवी पुष्पी आवाज करत नसे. आधी वाटलं, मोठ्यांना माहीत असेल. मग वाटलं, इतके दिवस का सांगितलं नाहीस असं विचारतील. त्यात वर्ष गेलं.

इंगळे रविवारी दहाच्या गाडीने आले. साठीचे असावेत. डोक्याला ओला दुपट्टा बांधलेला आणि सदऱ्याच्या खिशात कांदा. ऊन लागू नये म्हणून खाली मे महिन्यात सगळेच खिशात कांदा ठेवतात. इंगळेंना कामासाठी बाराही महिने ठेवावा लागतो. त्यांनी आईकडून आणखी चार मागून घेतले आणि आमच्या प्रत्येकाच्या हातात एकेक दिला.

"खिशात ठेवा. मंग दाराजवळ या."

त्यांनी फटीत एक काडी उभी धरली, तिची सावली बोटांनी मोजली आणि मान हलवली.

"पाच वाजाले आले, भाऊ. म्हातारी झाली तुमची दुपार."

"म्हणजे आता काय?" बाबांनी विचारलं.

"दोन रस्ते हायेत. मी हिले मागं ओढून देतो, दीड वाजेपर्यंत. दोन दिवसांचं काम. अजून चाळीस वर्सं पाहाचं काम नाही. नाही तं नवी घ्या. चंद्रपूरची, अठ्ठेचाळीस डिग्री. जुनी मी घेऊन जातो."

"नेऊन काय करता तिचं?"

"तुकडे. पापडवाल्याइले लागतात, लाँड्रीवाल्याइले लागतात."

"नवीच घेऊ," बाबा म्हणाले.

"ओढून द्या," आबा म्हणाले. "एक्केचाळीस वर्षांत हिची एक तक्रार नाही. तुझी तेवढी वर्षं मोजायला बसलो तर वही पुरायची नाही."

"आबा, थंडी तुम्हालाच वाजतेय."

"म्हणूनच मी सांगतोय ते करायचं."

"दोघांपैकी एकानेही आजवर कपाट पुसलेलं नाही," आई म्हणाली. "इंगळेभाऊ, तुम्ही चहा घ्या. यांचं चालू दे."

मी शिलाई मशिनजवळ उभी होते. मागे ओढली तर पुष्पी पुन्हा दीड वाजताच्या उन्हात बसणार होती, आणि पाच वाजायला तिला परत एक्केचाळीस हिवाळे लागणार होते. नवी घेतली तर ती तुकड्यांत जाणार होती. मूर्तिजापूरची गाडी दोन्हीकडून चुकत होती. कांदा माझ्या हातात ओला झाला.

इंगळेंनी पिशवीतून फॉर्म काढला. "दुरुस्ती असो का बदली, हे भरावंच लागते. नाव, गाव, दुपारीची तारीख... रकाना सात. दुपारीत राहनाऱ्या व्यक्ती."

"निरंक," आबा म्हणाले. "रिकामी म्हणूनच घेतली होती. पावतीवर लिहिलंय. घरात पाच माणसं झोपलेली, ती खाली. गच्चीवर कोणी नाही."

इंगळेंनी 'नि' लिहिला.

"एक," मी म्हणाले.

कोणी ऐकलं नाही. इंगळेंनी 'र' लिहिला.

"एक!" मी कावळ्याला म्हणावं तसं म्हणाले. माझा आवाज मधल्या खोलीत इतका मोठा कधीच झाला नव्हता. बाबांच्या हातातला चहा बशीत सांडला आणि इंगळेंचं पेन थांबलं.

"काय एक?" बाबांनी विचारलं.

"एक मुलगी राहते. पुष्पा नामदेव खंडारे. चौथी पास. ती कुरडया राखतेय."

मग आई उठली, फटीपाशी गेली आणि वाकली.

"अगं बाई."

"नमस्ते काकू," आतून आवाज आला.

"जेवलीस का गं तू?"

"हो. वरन-भात."

आबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. "मला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले. "मी विचारलं होतं, वर कोणी आहे का. तो खंडारे म्हणाला, कोणी नाही."

"तो खोटं नाही बोलला, आबाजी," इंगळे म्हणाले. "वाळवन राखनारं पोर कोन मोजते? काठी, धोतर, पोर, हे सारं कुरोड्याइच्या सामानातच येते." त्यांनी 'निर' खोडलं आणि स्वच्छ अक्षरात एकाचा आकडा लिहिला. "तरीच म्हनलं. रिकामी दुपार येवढी टिकत नाही. आत कोनी ना कोनी जागं लागते. सारे झोपले की दुपार दोन-तीन वर्सांत विझते."

"मग चंद्रपूरच्या दुपारीत कोण जागं असतं?" बाबांनी विचारलं.

"कंपनीचा चौकीदार. चांगला मानूस देतात. झोपत नाही."

"त्याला किती वर्षं बसवतात?"

"दुपार असेपर्यंत."

बाबांनी बशीतला चहा पुन्हा कपात ओतला.

रहिवासी निघाल्यामुळे फॉर्मचं मागचं पान लागू झालं. त्यात रहिवाशाची संमती हवी होती, आणि रहिवासी अल्पवयीन असल्यास पालकाची.

"पालक कोन?" इंगळेंनी विचारलं.

मी हिशोब केला. "ती आता एक्कावन्न-बावन्न वर्षांची असेल. तीच स्वतःची पालक होऊ शकते."

इंगळेंनी चष्मा वर केला, नियम वाचला, पुन्हा वाचला. "बसते," ते म्हणाले. "नियमात बसते."

पावतीवर गल्लीचं नाव होतं. इंगळेंच्या साळ्याचं घर त्याच भागात निघालं. पाचव्या फोनला पुष्पाताई सापडल्या. त्या अंगणवाडी चालवतात. बाबांनी फोनचा स्पीकर लावला आणि सगळं नीट सांगितलं. पलीकडून पंख्याचा आवाज येत होता, डिसेंबर असूनही.

"चौदा मे," त्या मग म्हणाल्या. "मले तो दिवस येवढाच आठवते की जेवली, काठी घेऊन वर गेली, आनि एकदम दिवेलागन झाली. मी गच्चीवर उभी, हातात काठी नाही, धोतर नाही, कुरोड्या नाही. माई म्हने, तू खेळाले गेली, कावळ्याइनं नेल्या. मी म्हनलं, नाही गेली. पन मंग कुठी होती, ते मले सांगता येईना; दुपार इकल्याचं आमच्या बाबानं घरात कोनाले सांगितलंच नव्हतं. दोन थापडा बसल्या. लग्नाले मले नेलं नाही." मग त्या म्हणाल्या, "माई आताही म्हनते. पंच्याहत्तर वर्सांची झाली. औषध घेतलं का ते आठवत नाही, पन कुरोड्या आठवतात."

आबांनी फोन मागून घेतला. "पुष्पाबाई, मी गावंडे बोलतोय. दुपार मी घेतली होती. मोजायची राहिली. माझी चूक आहे."

"जाऊ द्या. तुमाले काय ठाऊक. मले तिच्यासंगं बोलता येते का?"

मी फोन फटीला लावला.

"पुष्पे," फोनमधून आवाज आला.

"कोन?"

"मी... अकोल्याचीच हाये. ऊन लागते का वं?"

"लागते ना. पन सावली येऊन राहिली. दोन ओळीच राहिल्या."

"कावळ्यानं नेली का एखादी?"

"एकबी नाही!" पुष्पी रागावून म्हणाली. "कोन म्हनते?"

"कोनी नाही म्हनत. बस मंग थोडी. मी सांगते त्याइले."

मी फोन परत आणला. "तिले संध्याकाळ होऊ द्या," पुष्पाताई म्हणाल्या. "बाकी तुमाले जे करायचं ते करा. माही संमती तेवढीच हाये."

बाबांनी आबांकडे पाहिलं. संध्याकाळ होऊ द्यायची म्हणजे दार सताड उघडायचं. मग होळीपर्यंतचे उरलेले तीन-साडेतीन महिने कपाट थंड. बाबा म्हणाले, "होळीपर्यंत थांबू या का? तोवर तुमचा हिवाळा तरी निघेल. मग उघडू."

हे बरोबर होतं. पुष्पीसाठी तो पाच मिनिटांचाच फरक होता. मीही तसंच म्हटलं असतं.

आबांनी खुर्ची दारापासून मागे घेतली. मग म्हणाले, "एक्केचाळीस वर्षं त्या पोरीच्या उन्हात गुडघे शेकले. आता ठाऊक असताना शेकू? विलास, दार उघड."

"आबा..."

"कांदा आहे माझ्या खिशात. उघड."

दार उघडलं तेव्हा आमच्याकडे सकाळचे अकरा आणि तिच्याकडे पाच वाजले होते. झळ अशी आली की भिंतीवरचं कॅलेंडर उडून पलंगावर पडलं. आबांनी कानटोपी काढली, मग वरचा स्वेटर, मग आतला. मधली खोली अंगणासारखी उजळली. बेलसऱ्यांचं मांजर खिडकीतून आत आलं, उन्हाच्या मधोमध आडवं झालं आणि त्याने पोट वर केलं. आईने संधी साधून तीन गोधड्या आणि बाबांची जीन्स वाळत घातली.

पुष्पी आता पूर्ण दिसत होती. फटीतून दिसायची त्यापेक्षा ती लहान होती. मी आणि ती उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसलो.

"तू तं भल्ली मोठी हाये," ती म्हणाली. "बोटावरून वाटलं नाही."

"कडुनिंब आला का?"

"एक ओळ राहिली."

सावली इतकी वर्षं इतकी सावकाश सरकत असताना आमचं बोलणं नेहमीच्याच वेगाने कसं होत होतं, हे मी तेव्हा इंगळेंना विचारलं. ते म्हणाले, "बोलन्याले ऊन लागत नाही."

ऊन तांबूस झालं. खाली कुठेतरी कोणी जांभई दिली, स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, बादलीत पाणी पडलं. सावली शेवटच्या ओळीवर आली. पुष्पी उठली, झिणझिण्या आलेला पाय दोनदा आपटला आणि कुरडया उचलून टोपलीत भरू लागली. मोजत होती. एकशे अडतीस भरल्या.

"पुष्पेऽऽ," खालून बाईचा आवाज आला. तरुण आवाज होता. "उचल वं माय, उशीर होते."

"आली!" पुष्पी ओरडली. तिने टोपली उंबऱ्यापाशी ठेवली आणि काठी माझ्या हातात दिली. "धर जराशी. चप्पल घालून येतो."

ती जिन्याकडे पळाली. बारा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी दुपार संपली. संध्याकाळ आमच्या खरेदीत नव्हती, त्यामुळे ती दिसली नाही. कपाटात मागची वीट, दोन खुंट्या आणि पुढे कुरडयांची टोपली होती. काठी माझ्या हातातच राहिली.

मांजर थोडा वेळ थांबलं आणि निघून गेलं. आबांनी आतला स्वेटर घातला, मग वरचा.

तो हिवाळा कठीण गेला, हे सांगितलं पाहिजे. बाबांनी कोळशाची शेगडी आणली. आबांना तीन आठवडे खोकला होता आणि रोज संध्याकाळी आई त्यांच्या छातीला तेल चोळत होती. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. फक्त सवयीने खुर्ची कपाटासमोरच ठेवायचे आणि अधूनमधून दाराला हात लावून बघायचे.

टोपली बाबांनी अकोल्याच्या एसटीने कंडक्टरजवळ पाठवली. चार दिवसांनी पुष्पाताईंचा फोन आला. त्या दिवशी दुपारी वरण-भात जेवता जेवता त्यांना सगळं आठवलं होतं : पाठीला लागणारा कठडा, कोमट पाण्याची चपटी बाटली, आणि फटीतून बोलणारी एक मुलगी. माईने टोपली मांडीवर घेऊन एकेक कुरडई मोजली होती.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं. फोन मीच उचलला होता.

"म्हने, बरोबर हायेत. मंग म्हने, बसली काय, वेण्या घाल, गाडी जाईन."

"मग?"

"मंग काय. गेलो मूर्तिजापूरले. मामा आता सदुसष्ट वर्सांचा हाये. मामीनं कुरोड्या तळल्या. माईनं त्याले सांगितलं, पोरीले आनली पाय लग्नाले." त्या हसल्या आणि नाक ओढलं. "आमच्या गच्चीवर मे महिना येतेच ना, बाई. तुमाले दुपार लागते. मी देतो. राखाले मी बसीन. पन या खेपी एकटी नाही बसत."

"मी बसेन," मी म्हणाले. मला कोणाला दोनदा विचारावं लागलं नाही.

नवा फॉर्म भरायला वेळ लागला. रकाना सात : दोन, दोघी जाग्या. अटी आबांनी आपल्या कारकुनी अक्षरात लिहिल्या. सावली असावी. चटई आणि माठ असावा. दुपार मागे ओढू नये. पाच वाजले की दार सताड उघडावे, मग हिवाळा असो वा नसो. पालकाच्या जागी आईची सही हवी होती. तिने कागद दोन दिवस देवघरात ठेवला. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "तुला नक्की बसायचंय ना?" मी हो म्हणाले. तिने सही केली.

मे महिन्यात मी आणि बाबा अकोल्याला गेलो. पुष्पाताई उंच आहेत आणि बसून उठताना एक पाय आपटायची त्यांना अजूनही सवय आहे. आम्ही वरण-भात जेवलो. माईने आम्हा दोघींच्या डोक्यावर ओले पंचे ठेवले आणि म्हणाली, "उठायचं नाही." मी जुनी काठी बरोबर नेली होती. जिना चढल्याचं मला आठवतं.

त्यानंतर दिवेलागण झाली होती. मी आणि पुष्पाताई मोकळ्या गच्चीवर उभ्या होतो. काठी नव्हती, धोतर नव्हतं, कुरडया नव्हत्या. इंगळे खाली पिशवी बांधत होते. माझं नाक उन्हाने सोललं होतं आणि घसा पूर्ण बसला होता. पुष्पाताईंचाही बसला होता. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनाही काही बोलता येईना, म्हणून खुणेनेच चहा मागितला. माईने थापड मारली नाही. तिने आम्हाला चहाबरोबर गूळ दिला, घशासाठी.

दिवाळीनंतर बाबांनी कपाट दोन बोटं उघडलं. पट्टा पांढरा होता आणि दाराजवळच पडला. आबांना तिसऱ्या दिवशीच खुर्ची मागे घ्यावी लागली. आता ते उशिरापर्यंत तिथे बसून असतात आणि मधूनच हसतात.

"काय झालं?" मी विचारते.

"तुझंच ऐकतोय. तू गणिताच्या सरांची नक्कल करतेस हे मला ठाऊक नव्हतं."

मलाही नव्हतं. आई स्वयंपाक करता करता हातातलं काम थांबवून ऐकते. एकदा तिने डोळे पुसले आणि कांद्यामुळे असं म्हणाली, पण त्या दिवशी भेंडी होती. मी स्वतः फार ऐकत नाही. त्या दोघींचं बोलणं त्यांच्यातलं आहे, आणि माझ्या वाट्याचं मला आठवेलच, वेळ झाली की.

पाणी देण्याचं काम मात्र माझ्याकडे आहे. काल शाळेतून आल्यावर मी चपटी बाटली भरून फटीतून आत धरली. एका हाताने ती घेतली. मधल्या बोटावर माझ्यासारखाच शाईचा डाग होता.

"बस ना," आतून आवाज आला. "तू बोलत का नाहीस?"

"बोलते ना," मी म्हणाले.

"कुठे? मघापासून मीच बोलतेय."

आबांनी खुर्ची थोडी बाजूला सरकवली. मी स्टूल ओढून घेतलं.